क्लचखालचं बटण

देवबागमध्ये तुळसा मोंडकरला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही, पण तिला पोहता येत नाही हे फार थोड्यांना ठाऊक आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, आणि मधल्या चिंचोळ्या वाळूवर ही बाई बावीस वर्षं संसार करते. पाण्यात मात्र गुडघ्याच्या वर कधी गेली नाही. माहेर वैभववाडीकडचं, घाटाच्या पायथ्याशी, भातशेतीचं. बापाने पॉवर टिलर घेतला तेव्हा भाऊ मुंबईला नोकरीला लागलेला, म्हणून चिखलणीच्या दिवसांत टिलरमागे हीच असायची, अकरावीतली मुलगी. लग्न होऊन इकडे आली तेव्हा सासरी कुणी तिला विचारलं नाही की तुला काय काय चालवता येतं. तिनेही सांगितलं नाही.

घरात ट्रॅक्टर होता तो नवऱ्याचा, गुरुदासचा. किनाऱ्यावर होड्या वर ओढायच्या, कुणाच्या घराचे चिरे आणायचे, नारळाच्या झावळ्या वाहायच्या, सगळ्याला तोच. गुरुदासचा हात असा होता की रुतणाऱ्या वाळूतून तो होडी एका ओढीत बाहेर काढायचा. आसपासच्या वाड्यांतले चार-पाच जण त्याच्याकडेच ट्रॅक्टर शिकले. आणि सहा वर्षांपूर्वी एका सकाळी त्याच गुरुदासच्या पायावरून त्याच्याच ट्रॅक्टरचं मागचं चाक गेलं. खाली वाळू होती म्हणून जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली गेला. ब्रेक सुटला, ट्रॅक्टर उतारावरून घसरला, असं गुरुदासने सांगितलं आणि वाडीने ते मानलं.

मी इथे टपाल वाटतो. अपघातानंतर दोनेक महिन्यांनी तुळसाच्या नावाने पुण्याहून एक लहानसं पार्सल आलं. ते घेऊन गेलो तर तिने पायरीवर बसूनच फोडलं. आत अंगठ्याएवढं काळं बटण आणि दोन वायरी.

"काय गो ह्यां?" मी विचारलं.

"क्लचखालचा बटण. क्लच दाबल्याशिवाय ट्रॅक्टर चालू होवचो नाय, म्हणान आसता."

"मेकॅनिक खंय?"

"मीच लावतंय."

त्या आठवड्यात तिने ते लावलं आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टर घेऊन किनाऱ्यावर आली. सुरुवातीला माणसं नुसती बघायला जमायची. पहिली होडी तिने वाकडी ओढली, दुसरीला दोर तुटला. तिसऱ्या दिवसापासून कुणी हसलं नाही. एक गोष्ट मात्र चेष्टेची होऊन राहिली. रोज सकाळी ट्रॅक्टरवर बसली की ती आधी क्लच न दाबता चावी फिरवायची. ट्रॅक्टर गप्प राहायचा. मग क्लच दाबून चावी फिरवायची, तेव्हा तो चालू व्हायचा. "वयनी ट्रॅक्टराक आधी नाय म्हणूक शिकवता," असं पोरं म्हणायची. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने ट्रॅक्टर धुवायची, चाकांतली वाळू काडीने काढायची. खारं पाणी लोखंड खातं आणि वाळू नट सैल करते, हे तिला नवऱ्याने शिकवलेलं. गुरुदास तेव्हा घरातच असायचा. कृत्रिम पाय लावून अंगणात फिरायचा, पण किनाऱ्यावर एकदाही आला नाही.

यंदा दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. समुद्रात वादळ तयार झालेलं, बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, मच्छीमारांच्या फोनवर सगळ्या होड्या वर घेण्याचे निरोप आले. त्यात अमावास्या एका दिवसावर. साडेअकराला मोठी भरती. सकाळी आठला मी पोहोचलो तेव्हा वाडीतली सगळी माणसं किनाऱ्यावर होती आणि अकरा होड्या पाण्याच्या रेषेवर डुलत होत्या. टपाल त्या दिवशी बाराच्या आधी निघणार नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं आणि चपला माडाखाली काढून ठेवल्या.

तुळसाने दोन होड्या वर काढल्या. तिसरीचा दोर बांधायला म्हणून तिने ट्रॅक्टर बंद केला. दोर बांधून झाला, ती वर बसली, क्लच दाबला, चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. टक्कदेखील वाजलं नाही.

"वयनी, काय झाला?" प्रीतमने खालून विचारलं. प्रीतम हा भाई तांडेलांचा मुलगा, तिशीचा, अंगाने दांडगा. भाई म्हणजे आमच्या वाडीतले सगळ्यात जुने नाखवा. अकरांतली सगळ्यात मोठी होडी त्यांची.

"चालू होणा नाय."

"बॅटरी बसली आसतली."

तुळसाने हॉर्न दाबला. तो सगळ्या किनाऱ्याभर वाजला. दिवे लावून बघितले, लख्ख लागले. "बॅटरी बरी आसा," ती म्हणाली आणि खाली उतरून पायडलाशी वाकली.

"मगे डायरेक्ट कर," भाईंनी लांबून आवाज दिला. "स्टार्टराक स्क्रूड्रायव्हर लाव. एका मिनटात चालू होतलो."

हे इथे सगळ्यांना माहीत आहे. चावी चालत नसेल तर खाली उभं राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा धरायचा. ठिणगी उडते, इंजिन फिरतं. बटण काय म्हणतं, चावी काय म्हणते, काही बघावं लागत नाही.

"नाय," तुळसा म्हणाली.

"नाय म्हणजे? दर्यो बघतस मा?"

दर्या सगळेच बघत होतो. लाटांना रोजचा ताल राहिला नव्हता. एक आली की दुसरी तिच्या पाठीवर.

"बटण सैल झालासा. माका अर्धो तास द्या, भाई."

"अर्ध्या तासात होड्यो खंय आसतल्यो, ठावक आसा तुका?"

"ठावक आसा."

भाई तसे वाईट माणूस नव्हेत. त्या सकाळी त्यांनीच सांगितलं होतं की ज्यांची एकच होडी आहे त्यांच्या आधी काढा, माझी शेवटी. पण ते चिडले आणि चिडलेल्या माणसाचं त्या वेळी सगळ्यांना पटत होतं. मलाही पटत होतं, खोटं कशाला सांगू. प्रीतमने कुणाच्या तरी पेटीतून लांब स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पुढच्या नि मागच्या चाकाच्या मधे जाऊन उभा राहिला. "वयनी, तुमी वर बसा. मी लावतंय."

"प्रीतम, थय उभो रव नको."

"काय होणा नाय ओ."

ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. ट्रॅक्टरच्या दुसऱ्या बाजूला गेली, आपल्या पेटीतून पाना काढला, बॅटरीच्या मायनसची क्लिप सोडवली आणि वायर बाजूला वाकवून ठेवली. मग तिने पदर कमरेला घट्ट खोचला.

"आता घाल स्क्रूड्रायव्हर," ती म्हणाली.

प्रीतमने घालून बघितला. ठिणगीसुद्धा उडाली नाही. चार-दोन माणसं हसली, पण भाईंचा चेहरा लाल झाला. "बायल माणसाच्या हट्टापायी आमच्यो होड्यो फुटतल्यो," ते मोठ्याने म्हणाले. त्यावर दोघे-तिघे पुढे सरकले. क्लिप पुन्हा लावायला किती वेळ लागतो? तुळसा बॅटरीला पाठ लावून उभी राहिली. हातात दहा नंबरचा पाना. तो ती कुणाला मारणार नव्हती, पण तो खालीही ठेवत नव्हती.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली. माडांमधून गुरुदास येत होता. काठी वाळूत रुतत होती, ती काढून तो पुढचं पाऊल टाकत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा तो किनाऱ्यावर आला होता. घरापर्यंत आरडाओरडा पोहोचला असावा. तो ट्रॅक्टरपाशी आला, मडगार्डला धरून उभा राहिला आणि दम लागला होता तरी थांबला नाही.

"ब्रेक सुटूक नाय हुतो," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही.

"माझ्या टायमाक ब्रेक सुटूक नाय हुतो. बटण खराब झालेला, दोन म्हयने मी स्क्रूड्रायव्हरानच चालू करी. आता प्रीतम उभो आसा ना, थयच उभो रवान. त्या दिवशी गियर पडलेलो रवलो. माका वाटला, न्यूट्रल आसा." तो थांबला. "चालू झालो तो माझ्या अंगारच. सगळ्यांका गाडी शिकवणारो मी. मियाच असा केलंय म्हणान सांगूक लाज वाटली. सा वर्सा तुमका खोटा सांगलंय. हिका ठावक हुता. वाळूत पडलेलो स्क्रूड्रायव्हर हिणाच उचललेलो. कोणाक सांगूक नाय."

तुळसाने त्याच्याकडे बघितलं नाही. ती बॅटरीकडे बघत होती.

गुरुदासने पँट वर केली. प्लास्टिकचा पाय, त्याच्या पट्ट्या, सगळं उघडं केलं. "आता जो हात लावतलो, तेणा आधी ह्यो पाय बघूचो."

प्रीतम चाकांच्या मधून बाहेर आला. येताना त्याने गियरच्या दांड्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा मला अजून आठवतो, कारण मीही त्याच वेळी बघितलं. दोर बांधताना ट्रॅक्टर उतारावरून घसरू नये म्हणून तुळसाने तो पहिल्या गियरात बंद केला होता. न्यूट्रल करण्याआधीच ती पायडलाशी वाकली होती आणि मग हा गोंधळ उभा राहिला होता. तिच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. तिने जाऊन दांडा न्यूट्रलमध्ये आणला आणि हाताने हलवून खात्री केली.

मग भाईच ओरडले, "मगे काय बघतास? ओंडके हाडा! ट्रॅक्टर होयसर हातान ओढूया!"

पूर्वी होड्या तशाच वर घ्यायचे. खाली लाकडी ओंडके घालायचे आणि वीस माणसांनी रेटायचं. आम्ही सगळे सगळ्यात हलक्या होडीकडे धावलो. ट्रॅक्टरपाशी राहिले तुळसा, गुरुदास आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा बाळा. त्यानंतरचं मी होडी रेटता रेटता मधून मधून बघितलं आणि राहिलेलं बाळाने सांगितलं.

तुळसा ओल्या वाळूत उताणी झोपून पायडलाखाली गेली. बटण एका लोखंडी पट्टीवर बसवलेलं असतं आणि पट्टी दोन बोल्टांवर. त्यातला एक पडून गेला होता, दुसरा अर्धा सुटून लोंबत होता. त्यामुळे पट्टी मागे झुकलेली, आणि क्लच पुरता दाबला तरी पायडलाचा दांडा बटणापासून बोटभर अलीकडेच राहायचा. क्लच दाबलाय हे ट्रॅक्टरला कळतच नव्हतं. पण बटणच आतून गेलं असेल तर पट्टी घट्ट करून काय उपयोग? गुरुदासने दोन वायरींचा एक लहान बल्ब केला होता, तो तिच्या पेटीत असायचा. तिने बटणाच्या वायरी सोडवल्या, बाळाच्या सुट्या बॅटरीवर मधे बल्ब घालून जोडल्या आणि अंगठ्याने बटण दाबलं. बल्ब लागला. सोडलं, विझला. तिने तीन वेळा करून बघितलं आणि वायरी परत जागेवर लावल्या.

"बटण बरा आसा," ती म्हणाली. "बोल्ट होयो. सा एमेमचो."

पडलेला बोल्ट त्या वाळूत शोधणं म्हणजे वेळ घालवणं. बाळाने आपली पेटी पालथी केली. होडीच्या इंजिनाचे स्टीलचे बोल्ट त्याच्याकडे असतात. पहिला आखूड निघाला, दुसरा जाडा. तिसरा बसला. पण त्याच्यामागे नट धरायला हात जाईना. समोरून पाना धरला तर मागे पोहोचता येत नव्हतं. बाळाचा पंजा जाडजूड, तो त्या फटीत शिरेना.

"माका खाली बसव," गुरुदास बाळाला म्हणाला.

त्याला वाळूत बसवलं. तो पाय लांब करून, काठी बाजूला टाकून, चाकाच्या आतून हात घालून वळला. गियर न्यूट्रलमध्ये होता, बॅटरी सुटलेली होती, तरी बाळा म्हणतो की चाकाला खांदा लागला तेव्हा गुरुदासने हात एकदम मागे घेतला. तुळसाला ते खालून दिसलं असावं. "माका तुमचो हात दिसता," ती म्हणाली, "वायच वर. आणखी. हां, थय."

नट एकदा निसटून वाळूत पडला. बाळाने तो हुडकला, पँटला पुसला, परत दिला. तोवर पाणी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लागून गेलं होतं. तुळसाची पाठ पूर्ण भिजली. पाण्याची भीती असलेली बाई. लाट आली की डोळे मिटायची, ओसरली की पाना फिरवायची. आधी स्प्रिंग वायसर, मग नट. दुसरा बोल्टही काढून, पुसून, नवीन वायसर घालून बसवला. क्लच हाताने दाबून दांडा बटणाला नीट टेकतो का ते बघितलं. थोडा कमी टेकत होता. पट्टी परत सैल केली, केसभर पुढे घेतली, परत आवळली. आम्ही तोवर दुसरी होडी अर्ध्या वाटेवर आणली होती आणि माझ्या खांद्याची सालटी निघाली होती.

ती बाहेर आली. बॅटरीची क्लिप लावली. गुरुदासला उठवून माडाखाली नेऊन उभं करायला तिने बाळाला सांगितलं आणि तो तिथे पोहोचेपर्यंत थांबली. मग वर बसली, क्लचला पाय न लावता चावी फिरवली.

ट्रॅक्टर गप्प.

"झाला नाय?" भाईंचा आवाज आता चिडका नव्हता, रडवेला होता.

"तसाच होया," ती म्हणाली. क्लच दाबला, चावी फिरवली, आणि इंजिन गरजलं.

त्यानंतर ती थांबली नाही. एकामागून एक होडी. दोर बांधायला आम्ही पाण्यात, ओढायला ती. कधी ट्रॅक्टरची मागची चाकं पाण्यात जायची आणि ती मागे न बघता वेग तोच ठेवायची. अकरा वाजून गेले तेव्हा एकच होडी राहिली होती, भाईंची. इंजिन आधीच उतरवून घेतलं होतं. प्रीतम गळ्यापर्यंतच्या पाण्यात दोर घेऊन गेला, त्याने तो दोनदा बांधायचा प्रयत्न केला, आणि तिसऱ्या वेळी आलेल्या लाटेने होडी उचलून खडकाच्या ओळीवर टाकली. आवाज सगळ्यांना ऐकू आला. मग दोर बसला आणि तुळसाने होडी वर आणली, पण मागच्या बाजूला हात जाईल एवढी भेग पडली होती.

भाईंनी त्या भेगेत हात घालून बघितला. मग म्हणाले, "तुझ्या बटणान माझी होडी फोडली गो."

मला वाटलं तुळसा काहीतरी बोलेल. प्रीतमच्या पायाबद्दल, गियरबद्दल. बोलायला तिच्याकडे खूप होतं.

"व्हय, भाई," ती म्हणाली. "दर्यो शांत झालो काय दुरुस्तीक मीच ओढून नेतलंय."

आणि वादळ पुढे सरकल्यावर चौथ्या दिवशी तिने ती नेली. भाई बरोबर गेले नाहीत. पुढचे पंधरा दिवस त्यांनी तिच्याशी शब्द काढला नाही. त्यांच्या घरी टपाल द्यायला गेलो की ते नेमकं तिचं विचारायचे, ती काय करते, गुरुदास काय करतो, आणि मी सांगायला लागलो की विषय बदलायचे.

गुरुदास आता रोज किनाऱ्यावर येतो. पहिले काही दिवस माणसं त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायची. खोटं बोललेला माणूस म्हणून नव्हे. त्याच्याशी नेमकं काय बोलावं ते कळेना म्हणून. एका सकाळी प्रीतम त्याच्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला की आमच्या आंब्याच्या बागेत लहान ट्रॅक्टर आहे, त्याचं बटण तीन वर्षांपूर्वी कुणा मेकॅनिकने काढून दोन वायरी नुसत्या जोडून टाकल्यात. त्या काळजीने मला तेव्हापासून झोप लागत नाही. तेव्हापासून म्हणजे तीन वर्षं नव्हे, दिवाळीपासून.

तुळसा आणि गुरुदास दोघंही गेले. भाई बागेत होते. त्यांनी दोघांना चहा सांगितला आणि बटण बसेपर्यंत जवळ उभे राहिले. जाताना म्हणाले, "वरच्या वाडीत आणि दोघांचे असेच आसत."

तेव्हापासून हे दोघं सवड मिळेल तसे ट्रॅक्टरवाल्यांकडे जातात. ती गाडीखाली, तो बाहेर बसून बोलणारा. आतापर्यंत सात ट्रॅक्टर बघितले, त्यांत चारांच्या वायरी जोडलेल्या निघाल्या. तिघांनी लगेच बटण बसवून घेतलं. चौथा म्हणाला, माझ्या ट्रॅक्टरला हात लावायचा नाही, वीस वर्षं असाच चालवतोय.

काल टपाल द्यायला गेलो तेव्हा तुळसा पायरीवर बसून पेटीतले बोल्ट निवडत होती, आखूड एका डब्यात, लांब दुसऱ्यात. मी विचारलं, त्या चौथ्याचं काय झालं?

"परत नाय म्हणालो."

"मगे?"

"मगे काय? उद्या सकाळी परत जातलंव."